अंगावर उठते, मनात सलते

मराठी माणसाला राग आला की त्याच्या अंगाची लाही लाही होते, भीती वाटली की अंगावर काटा येतो आणि संकोचला की तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होतो. कन्नडमध्येही तेच. दुसऱ्याचे भले बघवेना की ‘मै उरितैति’ आणि भजनातला एखादा सूर आरपार गेला की ‘मै जुम् अंतैति’. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत या दोन्ही भाषा एकाच चुलीभोवती बोलल्या जातात. आई मराठीत रागावते, आजी कन्नडमध्ये समजूत घालते आणि मूल दोघींना ज्याच्या त्याच्या भाषेत उत्तर देते. या दोन्ही भाषांना एक गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मनात जे चालते, ते अंगावर दिसते.

पण घरात कुणाला सोरायसिस झाला, बाळाला इसब झाले, मुलीच्या हातावर कोडाचा पांढरा ठिपका उमटला किंवा महिनोन्‌महिने अंगावर पित्त उठू लागले, की हे शहाणपण आपण विसरतो. मग घरात दोन सूर लागतात. एक म्हणतो, “कातडीचंच तर आहे, मलम लाव, त्यात रडण्यासारखं काय?” दुसरा म्हणतो, “सगळं टेन्शनमुळे होतंय. विचार करणं सोड, आपोआप जाईल.” पहिल्या सुरात रुग्णाचे मन हिशेबातच नाही. दुसऱ्यात सगळा दोष त्याच्या मनावरच आहे. हे दोन्ही सूर चुकीचे आहेत आणि दोन्ही रुग्णाला एकटे पाडतात.

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. त्वचारोगाचे निदान हे माझे काम नव्हे, ते डॉक्टरांचेच. पण त्वचा आणि मन यांच्या नात्याबद्दल संशोधन काय सांगते आणि त्यात घरच्या माणसांचा वाटा किती मोठा आहे, हे कुटुंबाच्या या पानावर सांगायला हवे असे वाटते.

एकाच पदरातून निघालेले धागे

आईच्या पोटात गर्भ आकार घेऊ लागतो तेव्हा त्याच्या पेशींचे तीन थर बनतात. त्यातल्या सर्वांत बाहेरच्या थरापासून त्वचेचा वरचा पापुद्रा तयार होतो आणि त्याच थरापासून मेंदू, मज्जारज्जू व मज्जातंतूही. म्हणजे त्वचा आणि मेंदू हे एकाच पदरातून निघालेले धागे आहेत. पुढे दोघे दूर गेले तरी बोलणे तुटत नाही. त्वचेत मज्जातंतूंच्या टोकांचे दाट जाळे असते आणि त्यातून निरोप दोन्ही दिशांनी जात असतात.

ताण आला की मेंदू शरीराला सावध करतो. ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात उतरतात. त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांपासून काही रसायने सुटतात आणि ती तिथल्या ‘मास्ट’ पेशींना उठवतात. या पेशींच्या पोटात हिस्टामिन साठवलेले असते. ते बाहेर पडले की त्वचा लाल होते, सुजते, खाजते. अंगावर पित्त उठते तेव्हा गांधी उठवणारे मुख्य द्रव्य हेच. त्या गांधींवर आमसुलाचे पाणी लावले की गार वाटते, आणि त्यात वाईट काही नाही. पण सहा आठवड्यांहून अधिक काळ पित्त उठतच राहिले तर डॉक्टरांकडे जायला हवे. अशा जुनाट पित्तात बहुतेक वेळा बाहेरचे एकच एक कारण सापडत नाही. तरीही घरात वांगे, शेंगदाणे, डाळ एकामागून एक बंद होत जातात आणि रुग्णाचे जेवण हीच एक शिक्षा होऊन बसते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ताणामुळे हे रोग ‘निर्माण’ होतात, असे म्हणणे बरोबर नाही. सोरायसिसमागे अनुवंशिकता आणि भरकटलेली प्रतिकारशक्ती असते. एरवी त्वचेच्या पेशी जन्मून झडायला सुमारे महिना लागतो, सोरायसिसच्या चट्ट्यात तेच काम काही दिवसांत उरकते आणि खपल्या साचतात. कोडात प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते. इसबात त्वचेचा संरक्षक थर मुळातच दुबळा असतो. बी आधीपासून जमिनीत असते. ताण त्याला पाणी घालतो, एवढेच. पण ते पाणी किती पडते, यावर पीक किती माजणार हे बऱ्याच अंशी ठरते.

परीक्षा आणि कौलांचे छप्पर

परीक्षेच्या दिवसांत मुलांच्या तोंडावर मुरूम वाढतात, अशी घरोघरी तक्रार असते. हा निव्वळ समज नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २२ विद्यार्थ्यांना परीक्षेच्या काळात आणि परीक्षा नसताना तपासले गेले. ज्यांचा ताण अधिक वाढला त्यांचे मुरूमही अधिक बिघडले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले.

त्याआधी, २००१ साली, अमेरिकेतच आणखी एक साधा पण बोलका प्रयोग झाला. वैद्यकीय, दंतवैद्यक आणि औषधशास्त्राच्या २७ विद्यार्थ्यांच्या हातावर सेलोफेनची चिकटपट्टी वारंवार लावून, ओढून त्वचेचा वरचा थर थोडा खरवडला गेला आणि तो किती वेगाने भरून येतो ते मोजले गेले. सुट्टीत एकदा, ऐन परीक्षेत एकदा आणि पुन्हा सुट्टीत एकदा. परीक्षेच्या दिवसांत तोच थर भरून यायला अधिक वेळ लागला.

याचा अर्थ समजायला आपल्याकडची कौलारू घरे आठवा. पावसाळ्यात एखादे कौल सरकले आणि लगेच वर चढून कुणी ते बसवले, तर काही बिघडत नाही. पण घरातला कर्ता माणूस दुसऱ्याच विवंचनेत असेल आणि कौल आठ दिवस तसेच राहिले, तर आढ्यापासून भिंतीपर्यंत ओल उतरते. त्वचेचेही असेच आहे. रोजच्या जगण्यात तिला ओरखडे बसतच असतात आणि ती ते बुजवत असते. ताणाच्या काळात दुरुस्ती रेंगाळते, ओलावा निघून जातो, बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत आधीच फुटलेली त्वचा असेल आणि त्यात घरात वाटणीचा वाद पेटलेला असेल, तर इसब किंवा सोरायसिस उसळण्यात नवल ते काय?

खाज आणि तिची बदनामी

बंगळूर-म्हैसूरकडे ‘तिंडी’ म्हणजे सकाळचा नाश्ता. आपल्या बेळगाव-धारवाडच्या कन्नडमध्ये मात्र ‘तिंडी’ म्हणजे खाज. तिकडच्या पाहुण्याने ‘तिंडी आयता?’ असे प्रेमाने विचारले की आपल्याकडची पोरे खुदकन हसतात. आणि ‘निनग तिंडी ऐतेन?’ असे कुणी विचारले तर ती प्रकृतीची चौकशी नसते, ते भांडणाचे आव्हान असते. मराठीतही ‘फार खाज आहे का रे तुला?’ याचा अर्थ तोच. म्हणजे दोन्ही भाषांत खाज हा रोग कमी आणि स्वभावदोष जास्त आहे. दुखणाऱ्याची कीव येते, खाजवणाऱ्याचा मात्र राग येतो किंवा हसू येते. ज्याला वर्षानुवर्षे खाज सुटते त्याने हा अपमान रोज गिळायचा असतो.

वास्तविक खाज ही वेदनेइतकीच खरी असते. खाजवले की क्षणभर बरे वाटते, कारण ओरखड्याची हलकी वेदना खाजेचा निरोप दाबते. पण त्याने त्वचा आणखी सोलते, दाह वाढतो आणि खाज दुपटीने परत येते. रात्री अंथरुणात ऊब मिळाली, दिवसभराची कामे थांबली की ती अधिकच जाणवते. झोप मोडते. झोप मोडली की चिडचिड वाढते, चिडचिडीने ताण वाढतो आणि ताणाने खाज. हे चक्र फिरत राहते. इसब झालेल्या बाळाच्या घरात झोप फक्त बाळाची जात नाही. आईचीही जाते, आणि सकाळी तीच आई उभ्या उभ्या डुलक्या घेत डबे भरत असते.

अशा वेळी “खाजवू नकोस!” असे ओरडल्याने काहीही साधत नाही. हात नकळत जातो आणि ओरडण्याने त्यात अपराधीपणाची भर पडते. मानसशास्त्रात यासाठी सवय पालटण्याची एक पद्धत वापरतात. पहिली पायरी म्हणजे हात कधी आणि कुठे जातो ते नुसते लक्षात घ्यायचे. टीव्ही पाहताना, अभ्यासाला बसताना, की कुणी रागावले की? दुसरी पायरी म्हणजे हात जाऊ लागला की मूठ घट्ट आवळून अर्धा-एक मिनिट धरायची. तरीही खाज राहिली तर तिथे न ओरबाडता बोटाने दाबायचे किंवा ओले गार फडके ठेवायचे. नुसत्या मलमापेक्षा मलमासोबत ही पद्धत वापरल्यास खाजवणे अधिक घटते, असे स्वीडनमधल्या अभ्यासांत दिसले आहे. लहान मुलांची नखे बारीक कापणे, हातात मऊ चेंडू किंवा कणकेचा गोळा देणे आणि आंघोळीनंतर लगेच अंगाला डॉक्टरांनी सांगितलेले मलम किंवा खोबरेल तेल लावणे, हे तर कुठल्याही घरात जमण्यासारखे आहे.

डाग हातावर, भार मनावर

आतापर्यंत मनाकडून त्वचेकडे जाणारी वाट पाहिली. उलटी वाट याहून अधिक वर्दळीची आहे.

मधुमेह झालेला माणूस सांगेपर्यंत कुणाला कळत नाही. त्वचारोग मात्र माणसाच्या आधी खोलीत शिरतो. सोरायसिस झालेला तरुण काळा शर्ट घालत नाही, कारण खांद्यावर पडलेला कोंडा दिसेल. केशकर्तनालयात नंबर लागला की आपल्याला पाहून खुर्चीवाला काय म्हणेल, या धास्तीने तो केस वाढवतो. वर्गात अशी मुले दिसतात जी एप्रिलच्या उन्हातही पूर्ण बाह्यांचे कपडे सोडत नाहीत. मनगटावर कोडाचे डाग असलेली एक मुलगी कधीच हात वर करत नसे. उत्तर तिला येई, शेजारणीच्या वहीत ती ते लिहूनही देई. पण हात वर केला की बाही खाली घसरते. दोन इंच बाहीसाठी तिने तीन वर्षे गप्प राहणे पत्करले होते.

यात कोडाचे दुखणे विशेष आहे, कारण ते शरीराला जवळजवळ काहीच करत नाही. डाग दुखत नाहीत, त्यातली संवेदनाही जात नाही. सगळे दुखणे लोकांच्या नजरेतून येते. आणि या नजरेला खतपाणी घातले ते एका नावाने. ‘श्वेतकुष्ठ’ या शब्दाने कोडाला कुष्ठरोगाच्या रांगेत नेऊन बसवले. वास्तविक दोघांचा काहीही संबंध नाही. कुष्ठरोग जंतूमुळे होतो, त्याच्या चट्ट्यात बधिरपणा असतो आणि तोही औषधांनी पूर्ण बरा होतो. कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूदसुद्धा संसदेने २०१९ साली विवाहविषयक कायद्यांतून काढून टाकली. कोड तर जंतूंचा रोगच नव्हे. कायदा पुढे गेला, पण आपल्याकडच्या स्थळ पाहण्याच्या बैठका अजून जुन्याच शब्दकोशावर चालतात. कन्नडमध्ये ‘तोन्नु’ आणि मराठीत ‘कोड’ हे शब्द बैठकीत आवाज खाली आणूनच उच्चारले जातात. ज्या मुलीला डाग आहेत तिचेच नव्हे, तर तिच्या धाकट्या बहिणीचे लग्नही अडते. आई किंवा वडिलांना कोड असले तरी बहुतांश मुलांना ते होत नाही, हे मात्र बैठकीत कुणी सांगत नाही.

सोरायसिस, इसब, कोड आणि पित्त यांपैकी एकही रोग स्पर्शाने पसरत नाही. नायटा, खरूज हे पसरतात, पण ते वेगळे आणि योग्य औषधांनी बरे होणारे. तरीही हळदीच्या वेळी, ओटी भरताना, पंगतीत वाढताना कोड असलेल्या मावशीला “तू बस गं, दमली असशील” असे गोड बोलून बाजूला सारले जाते. तो गोडवा तिला बरोबर कळतो.

याच्या जोडीला येतो तो पापपुण्याचा हिशेब. कर्नाटकात त्वचारोगाचा संबंध नागदोषाशी जोडण्याची श्रद्धा खोल आहे आणि त्यासाठी कुक्के सुब्रह्मण्यला जाणारे पुष्कळ आहेत. आपल्या मराठी घरांतही ‘मागच्या जन्मीचं काहीतरी’ हे वाक्य ऐकू येते. देवदर्शनाने मनाला शांती मिळत असेल तर ती मोलाची आहे, तिच्याआड कुणी येऊ नये. मात्र दोन गोष्टी होऊ देऊ नयेत. औषध बंद करून नवसावर राहू नये, आणि रुग्णाला, विशेषतः लहान मुलाला, त्याने काहीतरी पाप केले आहे असे वाटू देऊ नये. दहा वर्षांच्या मुलाला आपल्या अंगाचीच शरम वाटू लागली, तर ती शरम डागापेक्षा जास्त काळ टिकते.

या विषयावर आपल्या भाषेत चांगले कामही झाले आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ साली ‘नितळ’ हा मराठी चित्रपट केला. त्यातली नायिका कोड असलेली तरुण डॉक्टर आहे आणि तिच्या लग्नाच्या निमित्ताने एक सुशिक्षित कुटुंब स्वतःलाच तपासून पाहते. कन्नडमध्ये २०१७ साली राज बी. शेट्टी यांचा ‘ओंदु मोट्टेय कथे’ आला. त्यातला नायक कन्नडचा प्राध्यापक आहे आणि टकलामुळे त्याचे लग्न जमत नाही. टक्कल म्हणजे कोड नव्हे, पण दिसण्यावरून माणूस तोलला गेला की त्याच्या मनाचे काय होते, ते दोन्हीकडे सारखेच आहे. आपल्याला दोन्ही भाषा येतात. एखाद्या रविवारी घरच्यांनी मिळून हे दोन्ही चित्रपट पाहावेत आणि मग बोलावे.

हे मोजताही येते

“मनाचं काय, ते मोजता थोडंच येतं?” असे म्हणणाऱ्यांसाठी काही आकडे. ब्रिटनमधल्या कार्डिफ येथील फिनले आणि खान या डॉक्टरांनी १९९४ साली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे किती संकोच वाटला, कपडे निवडताना, खरेदीला जाताना, कामावर, जवळच्या माणसांसोबत किती अडचण आली, असे ते प्रश्न. उत्तरांना शून्य ते तीस गुण. जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ ती वापरतात. डाग किती सेंटिमीटरचा, याबरोबरच तो आयुष्यातली किती जागा व्यापतो हे विचारण्याची रीत त्यातून रुळली.

२०१५ साली युरोपातल्या तेरा देशांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्वचारोग विभागात आलेल्या सुमारे ३,६०० रुग्णांची निरोगी लोकांशी तुलना केली, तेव्हा नैराश्य रुग्णांमध्ये सुमारे १० टक्के तर इतरांत सुमारे ४ टक्के आढळले. चिंताविकाराचे प्रमाण रुग्णांत १७ टक्के, इतरांत ११ टक्के होते. आत्महत्येचे विचार मनात येणारेही रुग्णांमध्येच अधिक होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सोरायसिसवर स्वतंत्र अहवाल काढला. जगात किमान दहा कोटी लोकांना हा आजार आहे असे सांगून, भेदभाव हाही या आजाराच्या ओझ्याचा भाग असल्याचे त्यात नमूद केले आहे.

नैराश्य येते ते फक्त लोकांच्या वागण्याने, असेही नाही. सोरायसिससारख्या आजारात दाह निर्माण करणारी द्रव्ये रक्तातून सगळीकडे फिरतात, सांध्यांपर्यंत जातात आणि मेंदूवरही परिणाम करतात असे पुरावे आहेत. म्हणजे रुग्ण उदास आहे याचा अर्थ तो कमकुवत मनाचा आहे असा नव्हे. त्याच्या आजाराचेच ते एक अंग असू शकते. सोरायसिस असलेल्याचे सांधे सकाळी आखडत असतील तर तेही डॉक्टरांना सांगायला हवे, तसेच हे.

‘टेन्शन घेऊ नको’ हे औषध नव्हे

मग करायचे काय? ताण कमी कर, असे सांगून ताण कमी होत नाही. ताण हलका करायला शिकावे लागते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी सोरायसिसच्या ३७ रुग्णांवर केलेला प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. हे रुग्ण अतिनील किरणांचे उपचार घेत होते. त्यातल्या काहींना उपचाराच्या पेटीत उभे असताना ध्यानाच्या सूचनांची टेप ऐकवली गेली. त्यांचे चट्टे इतरांपेक्षा लक्षणीय लवकर गेले. प्रयोग लहान आहे आणि त्यात किरणांचे उपचारही चालू होते, हे विसरू नये. ध्यानाने औषधाची जागा घेतली नाही, औषधाला साथ दिली. आपल्याकडे प्राणायाम, जप, भजन, सकाळचे फिरणे यांपैकी ज्याला जे रुचेल ते त्याने धरावे. समुपदेशनाने विचारांची घडी बदलता येते आणि गरज असेल तेव्हा मनोविकारतज्ज्ञांची औषधेही उपयोगी पडतात.

औषधांबाबत दोन इशारे मात्र द्यायलाच हवेत. एक, औषधदुकानातून चिठ्ठीशिवाय ‘ती खाजेची ट्यूब द्या’ म्हणून आणलेले मलम. त्यात बहुधा तीव्र स्टिरॉइड असते. चेहऱ्यावर ते महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, लाल होते, आणि नायट्यावर लावल्यास नायटा पसरतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधने आणली, तरी ‘शेजारणीला गुण आला’ म्हणून ती घरोघर फिरत असतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टिरॉइड हे चांगले औषध आहे, शेजारणीच्या देखरेखीखाली नव्हे. दुसरा इशारा असा. रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनी आणि मनोविकारात दिल्या जाणाऱ्या लिथियमने सोरायसिस वाढू शकतो. म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना मनाची औषधे सांगा आणि मनाच्या डॉक्टरांना त्वचेची. स्वतःच्या मनाने मात्र कुठलीही गोळी बंद करू नका.

कोड असलेल्या स्त्रियांसाठी दोन छोट्या गोष्टी. काही चिकट टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडू शकतो, तसे दिसले तर टिकली बदलून चालत नाही, ती थांबवून साधे कुंकू लावावे आणि डॉक्टरांना दाखवावे. परकराची नाडी करकचून बांधल्याने कमरेवर सतत घर्षण होते आणि कोडाचा नवा डाग तिथेच उठू शकतो. नाडीऐवजी रुंद पट्टी बरी. आणि दूध-मासे, लिंबू-चिंच यांनी कोड वाढते याला पुरावा नाही. पोरीचे लोणचे बंद करून डाग जात नाहीत.

बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात त्वचारोग आणि मनोविकार हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. आणि घराबाहेर पडण्याचेही बळ नसेल, किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक आहे. २०२२ साली सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते, आणि मराठीतही बोलता येते, कन्नडमध्येही. ज्या भाषेत रडू येते त्या भाषेत बोलावे.

घरच्यांसाठी

• रोज डाग तपासू नका. “वाढलं का गं?” हा प्रश्न आठवड्यातून एकदाही पुरे. त्याऐवजी “रात्री झोप लागली का?” असे विचारा.

• मलम लावायला मदत करा. पाठीवर स्वतःचा हात पोचत नाही. आणि ज्याला कुणी शिवत नाही त्याला तो स्पर्शही औषधच असतो.

• मुलाच्या शाळेत वर्गशिक्षकांना भेटून आजार पसरणारा नाही हे सांगा. जमल्यास डॉक्टरांची तशी चिठ्ठी द्या.

• लग्नाच्या बोलणीत आजार लपवू नका. लपवलेला डाग लग्नानंतर दुपटीने मोठा होतो, आणि त्याच्या धास्तीने वाढणारा ताण वेगळाच. रोगाची खरी माहिती सांगून मग समोरच्याचे उत्तर ऐका.

• जेवण, झोप, अभ्यास, मैत्री यांतले काही सुटत चालले असेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी असेल, तर त्वचेच्या डॉक्टरांनाच तसे सांगा. “हे तुमचं काम नाही” असे चांगला डॉक्टर म्हणत नाही.

हे आजार चिवट आहेत. सोरायसिस आज ओसरतो, पुढच्या हिवाळ्यात परत येतो. कोडाचे रंग कधी भरतात, कधी नाही. नवी औषधे येत आहेत, तरी वर्षानुवर्षे डॉक्टरांकडे खेपा घालाव्या लागतात, हे मान्य करायला हवे. पण रुग्णाच्या अंगावर उठते ते किती काळ राहणार, हे आपल्या हातात नसले तरी त्याच्या मनात सलते ते कमी करणे मात्र पुष्कळसे आपल्याच हातात आहे. लग्नसराई येते आहे. घरात कोड असलेली मावशी, अत्या, वहिनी असेल तर या वेळी तिला “तू बस गं” म्हणू नका. पंगत बसली की वरणाचे भांडे तिच्या हातात द्या आणि पहिले वाढप आपल्या पानात करून घ्या. बाकीची पंगत आपोआप पाने पुढे सरकवील.